सहाव्या झडपेची फट

मित्रांनो, मी एक जुना सॅक्सोफोन आहे. पितळेचा, वाकड्या मानेचा आणि स्वभावाने संशयी. माझी पेटी कोणी उघडली की मी आधी त्याचे हात पाहतो.

डेट्रॉइटच्या थॅडियस गेन्स यांनी मला घेतले. दिवसा ते मोटारींच्या कारखान्यात रंग मारत आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात मला वाजवत. ना ठरलेली चाल, ना ठरलेला ठेका. तसे जॅझ संगीत त्या शहरात कोणी ऐकले नव्हते. त्यात माझ्या सहाव्या झडपेतून हवा निसटे आणि स्वर रडवेला होई.

"थॅड, वाद्य मोडलंय की तू?" ड्रमवाला रूफस विचारी.

"दोघंही. तू तुझी कातडी बडव!"

दर रविवारी थॅडियस त्या झडपेखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवत, झडप दाबत आणि कागद ओढत. तो अलगद सुटून येई, म्हणजे फट होतीच. मग ते झडपेचा स्क्रू जरासा फिरवत, तरी फट राहीच. मला वाटे, यांना दुरुस्ती जमत नाही आणि माझी पर्वाही नाही. हा राग मी चाळीस वर्षे बाळगला.

पुढे त्यांच्या वादनाच्या तबकड्या दूरदूर गेल्या. तो रडवेला स्वर काढायला तरुण वादक धडपडू लागले. थॅडियस वारले, तेव्हा एका संग्रहालयाने मला मागितले. संग्रहालयाचा कारागीर व्हिटकर घरी आला. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"बाई, ही झडप गळतेय. पंधरा मिनिटांत नव्यासारखा करून देतो."

"थांबा," थॅडियस यांची मुलगी ओडेसा म्हणाली. "बाबांनी इतकी वर्षं का नाही दुरुस्त केला?"

"आळस असेल."

"माझे बाबा? आळशी? भिंग आणा आधी!"

व्हिटकरने भिंग लावून झडपेचा स्क्रू न्याहाळला. "स्क्रूशेजारी बारीक रेघ कोरलीय. स्क्रूच्या डोक्यावरची खाच बरोबर तिच्यासमोर आहे. बाई, ते फट बुजवत नव्हते. तो रडवेला स्वर टिकावा म्हणून ती तेवढीच राहिलीय ना, हे बघत होते."

ती रेघ मी निष्काळजीपणाचा ओरखडा समजत आलो होतो. व्हिटकरने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करण्याआधी ती तशी का ठेवली होती, हे जरूर विचारा. मी स्वतः चाळीस वर्षांत विचारले नाही.

आता मी संग्रहालयात असतो. रविवारी ओडेसा येते, झडपेखाली कागद सरकवते, ओढते. तो अलगद सुटून येतो. तिचे हात मी तपासत नाही.