नारळपाणी प्यालेला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. खरं म्हणजे अर्धाच आहे. माझं डोकं तेवढं उरलं आहे आणि ते कवठे महांकाळला आकाराम मिस्त्रींच्या डब्यात मोडक्या खिळ्यांबरोबर पडलं आहे. तुम्हांला वाईट वाटावं म्हणून मी माझी गोष्ट सांगत नाही. मला राग आला आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म लेथवर झाला. अंगावर आटे पडले आणि मी लष्कराच्या एका लॉरीत गेलो. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ असतो. तो इंजिनाला घट्ट धरून ठेवायचा, हे माझं आणि माझ्या भावंडांचं काम. घर आगीशेजारी, पण आमची बडदास्त काय सांगू! लॉरीचे ड्रायव्हर होते कोरेगावचे भाऊसो. ते नेमाने बॉनेट उघडायचे, आम्हांला पुसायचे, सैल करून आट्यांना तेल लावायचे आणि पुन्हा आवळायचे. साहेब तपासणीला आले की म्हणायचे, "शाबास भाऊसो!" त्या शाबासकीत माझाही वाटा असे.

पुढे लॉरी जुनी झाली आणि लिलावात निघाली. पेन्शनीत निघालेल्या भाऊसोंनीच ती घेतली. मी खूश झालो. आपला माणूस आपल्याला न्यायला आला, असं मला वाटलं. काय पण माझं नशीब!

गावी आल्यावर ते दर अमावास्येला बॉनेट उघडू लागले, पण तेलासाठी नाही. तापलेल्या इंजिनाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी वरून शिंपडायचं. ते नेमकं माझ्या माथ्यावर पडायचं, चर्र व्हायचं आणि आट्यांत झिरपायचं. दसऱ्याला तर वरून लाल ऑइलपेंटचा हात! पूजेला माझी ना नव्हती. पण पूजा आटोपली की बॉनेट बंद आणि तेलाचा डबा सीटखाली धूळ खात. ज्यांना काही ठाऊकच नाही, त्यांच्यावर मी रागावलो नसतो. भाऊसोंना सगळं ठाऊक होतं!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. भाऊसोंनी लॉरीवर टाकी बसवली. माधवनगरला पाणी भरायचं आणि कवठे महांकाळच्या पुढच्या वस्तीवर पोचवायचं, असा फेरा सुरू झाला. त्या वस्तीवर दगडाबाई राहायच्या. त्यांचा कळप घेऊन घरची माणसं दूर चारणीला गेली होती. एक मेंढी गाभण होती, तिला चालवेना, म्हणून दगडाबाई तिच्यासाठी मागे राहिल्या होत्या. टाकी आली की स्वतः प्यायच्या आधी त्या तिला पाजायच्या.

एके सकाळी रिकामी टाकी घेऊन परतताना तो बिडाचा नळ चिरफाळला. केबिनमध्ये धूर भरला, भाऊसोंना घेरी आली. कशीबशी लॉरी आकाराम मिस्त्रींच्या छपरापाशी आणली. नवा नळ मिळाला. माझी भावंडं कुरकुरत का होईना, निघाली. मी निघेना. मुद्दाम नव्हे हो! गंजाने मला आतून गच्च धरलं होतं.

आकाराम मिस्त्री म्हणाले, "आवं भाऊसो, ह्यो लय धरलाय. रॉकेल सोडतो, जरा शेकतो. सांजच्यापतूर दम धरा."

"सांजच्यापतूर? तवर वस्तीवर पाण्याचा टिपूस ऱ्हाणार न्हाई गड्या!"

"मोडला तर उद्याचा दिस बी जाईल बगा."

भाऊसोंनी ऐकलं नाही. पान्याला लांब पाइप लावला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. कट्टकन आवाज झाला. माझं डोकं धुळीत पडलं, धड इंजिनातच राहिलं.

मग हातड्रिलने माझं धड पोखरून काढायला तो दिवस गेला आणि दुसराही अर्धा गेला. नवे बोल्ट बसवायची वेळ आली. आणि मित्रांनो, भाऊसोंनी आधी काय काढलं असेल? नारळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात उन्हातून दगडाबाई आल्या. वाट बघून थकल्या आणि चालत निघाल्या होत्या. भाऊसो गडबडीने म्हणाले, "आक्का, आता निघतोच बगा. एवढा नारळ फोडतो."

"कुणासाठी?" दगडाबाई म्हणाल्या. "मेंढी गेली की रं भाऊ. कोकरू पोटातच ऱ्हायलं."

भाऊसोंचा हात तसाच वर राहिला. आकाराम मिस्त्री चिडून म्हणाले, "ह्या नारळाच्या पाण्यानंच गंजला त्यो बोल्ट. तेल लावाय पायजे हुतं."

दगडाबाईंनी कमरेची बाटली सोडली. मेंढरांच्या जखमांना लावायचं करंजाचं तेल होतं ते.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता मला काय करायचंय त्येचं?"

भाऊसो खाली बसले. पलटणीत करायचे तसे एकेका नव्या बोल्टाचे आटे त्यांनी त्या तेलात भिजवले. नारळ त्यांनी फोडला नाही.

मित्रांनो, मी धुळीतून हे सगळं पाहत होतो. माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या घरी सायकल असेल, रहाट असेल, शिवणयंत्र असेल. त्यांना खुशाल हात जोडा, पण त्याआधी त्यांना तेल घाला. दगडाबाईंच्या बाटलीतलं तेल नव्या बोल्टांना मिळालं खरं, पण मेंढी गेल्यावर.