उंबराच्या पाण्याला कोणाची लेक

आमच्या घराला एक खोड आहे, गप्प बसायची. मला ती लागली नाही, म्हणून सगळे मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत.

अंधेरीतल्या आमच्या गावठाणात अजून विहीर आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका बँड घेऊन तिथे जातात आणि नवऱ्यामुलाच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पहिली कळशी नवऱ्याच्या बहिणीची. तिने कळशी डोक्यावर घेतली की बायका गाण्यातून विचारतात, पाण्याला आली ही कोणाची लेक? त्याला उत्तर द्यायचं ते बापाने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. उत्तर आल्याशिवाय गाणं पुढे जात नाही आणि कळशीही हलत नाही.

हे सगळं इतरांच्या लग्नात. आमच्या घरचं पाणी मात्र अंगणातल्या नळाचं. बँडवाले नळापाशी दोन गाणी वाजवायचे की झालं. कारण विचारलं तर एकच सांगायचे, आमच्या बाबांच्या लग्नात त्यांचा धाकटा भाऊ पास्कू त्या विहिरीत गेला. लहानपणी मी त्या विहिरीच्या काठालाही कधी हात लावला नाही.

यंदा माझ्या भाच्याचं, नोएलचं लग्न ठरलं आणि त्याने जेवताना सांगून टाकलं की पाणी विहिरीचंच येणार आणि पहिली कळशी सिंथिया घेणार.

सिंथिया त्याची मोठी बहीण. जन्मली तेव्हा घराने मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. सहा वर्षांपूर्वी तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं की ती मुलगी आहे, आधीपासूनच होती, आणि आता तशीच राहणार. विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात ती मोठ्या हुद्द्यावर आहे, डझनभर पुरुष तिचं ऐकतात. मला ती पहिल्यापासून आवडते आणि आता तर जास्तच, कारण खोटं बोलणं तिला जमत नाही.

तिच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अर्बनने, तिला घराबाहेर काढलं नाही. ताटातलं मोठं पापलेट आजही तिलाच वाढतो. पण तिला नावाने हाक मारत नाही. ‘बाळ’ म्हणतो. परक्या माणसांपुढे तर तेही नाही. नोएलचं ऐकून तो ताटावरून उठला आणि म्हणाला, नळाला काय झालंय?

नोएल एवढंच म्हणाला की तिने कळशी घेतली नाही तर कोणीच घेणार नाही, मी पारोसा चर्चमध्ये जाईन.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी भावाला मांडवात गाठलं. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ आंबवायला ठेवलं होतं, घरात माणसं होती, म्हणून आवाज खाली ठेवून जितकं फाडून बोलता येईल तितकं बोलले. म्हटलं, इतकी लाज वाटते तर तिच्या पगारातून हा मांडव कशाला घालून घेतलास?

तो खुर्चीत बसला. गुडघे चोळू लागला.

“लाज नाय गं वाटत,” तो म्हणाला. “पास्कू विहिरीत नाय गेला, मार्सेलिना. चालत गेला.”

मग त्याने सांगितलं ते बाबांनी शेवटच्या आजारपणात त्याला एकट्याला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी पास्कू आपल्या आईचं लुगडं नेसून बायकांच्या रांगेत आला होता. कळशी त्याने स्वतः भरली, स्वतः डोक्यावर घेतली. बायकांना वाटलं थट्टा आहे, त्यांनी गाणं म्हटलं. पाण्याला आली ही कोणाची लेक? आजोबा गप्प राहिले. बाबा शेजारीच उभे होते, भावानेही उत्तर दिलेलं चाललं असतं, पण तेही गप्प. बायका विचारत राहिल्या आणि मग त्याही गप्प झाल्या. पास्कूने पाणी जमिनीवर ओतलं, कळशी काठावर ठेवली आणि गेला. पुढे माहुलला कोणाकडे तरी जाळी विणत राहिला, तिथेच मेला. घराने सांगितलं, विहिरीत गेला.

“बाबा म्हणाले, उत्तर जिभेवर होतं, आवाज फुटला नाही,” भाऊ म्हणाला. “मी त्यांचाच पोरगा. माझाही नाय फुटला तर? ती बिचारी उभी राहील तिथे.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हटलं, हे मला नको, तिला सांग. त्याने सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सिंथिया लुगडं नेसली. नऊवारी मीच नेसवलं, अंबाड्यात मोगरा मीच माळला. बँड निघाला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या, बघायला आलेल्यांत कुत्सित हसणारेही होते. ती सरळ चालत होती. भाऊ सगळ्यांच्या मागे होता.

विहिरीवर तिने पाणी शेंदलं, कळशी भरून डोक्यावर घेतली. ब्रिजिताबाय आमच्या गावची गाणारीण, ऐंशीच्या पुढची. तिने सिंथियाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गळा साफ केला आणि विचारलं,

“पाण्याला आली ही कोणाची लेक?”

बायकांनी साथ दिली. भावाचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. बायकांनी पुन्हा विचारलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मीच ओरडून सांगावं म्हणून पुढे झाले, तेवढ्यात सिंथिया कळशीसकट हळूच वळली.

“पप्पा,” ती म्हणाली, “सावकाश. मी कुठे जात नाय.”

कळशी हिंदकळून पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. ते तिने पुसलं नाही. ब्रिजिताबायने पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, अंगाई म्हणावी तसं.

“माझी,” भाऊ म्हणाला. आधी घोगऱ्या आवाजात, मग एवढ्या मोठ्याने की कडुनिंबावरचे कावळे उठले. “माझी लेक. अर्बनची. सिंथिया.”

बायकांनी गाणं असं उचललं की बँड मागे पडला. अभिमान अभिमान म्हणतात तो मी त्या दिवशी छातीत दुखेपर्यंत अनुभवला. माझी भाची पुढे चालत होती आणि तिच्या कळशीखाली माझ्या घराची मान पहिल्यांदा ताठ होती.

गाणं पुढच्या कडव्यावर गेलं, पण भाऊ थांबेना. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला. खिडकीतल्यांना, चक्कीवाल्याला, हसणाऱ्या पोरांना तर जवळ जाऊन. कोपऱ्यावर मिरवणुकीमुळे एक रिक्षा अडकली होती. भाऊ तिच्यात वाकला.

“ती पुढे कळशी घेतलेली माझी लेक,” तो म्हणाला. “आणि मला एक आत्या होती. पास्कूबाय. तीपण आमचीच.”

रिक्षावाल्याने काही विचारलंच नव्हतं.