क-चा ग

आमच्या पाटण्यात, मुसल्लहपूरच्या गल्लीत, अवधकिशोर सरांचा फलक एवढा मोठा आहे की त्याच्यामागे सूर्य अकरा वाजता उगवतो. फलकावर सर, त्यांच्याखाली ‘तर्कसम्राट’ ही पदवी, आणि त्याखाली त्यांचं गाईड: ‘शून्य चूक’. ते गाईड टाईप करणारा मी. आमच्याकडे सगळी दुनिया नोकरीच्या परीक्षेला बसलेली. कावळासुद्धा ओरडण्याआधी चार पर्याय तपासतो.

त्या गाईडात एक चूक होती आणि ती माझ्या बोटाची होती. प्रश्न असा: एका कार्यालयाने पाटी लावली, ‘अर्ज खिडकी क्रमांक तीनवरच द्यावेत’. यात न बोलता काय गृहीत धरलंय? एक, लोक अर्ज द्यायला येणार. दोन, खिडकी तीनवरचा बाबू कामसू आहे. फक्त पहिलं गृहीत असेल तर उत्तर क, दोन्ही असतील तर ग. सरांनी स्वतःच्या हाताने क लिहून दिला होता. पण कळफलकावर क आणि ग शेजारी नांदतात. बोट घसरलं.

बाकीच्या गाईडवाल्यांनी सरांचं पुस्तक स्वल्पविरामांसकट उचललं, आणि पाटण्यापासून दिल्लीपर्यंत खिडकी तीनवरचा बाबू कामसू झाला. इतक्या सरकारांना जे जमलं नाही, ते माझ्या एका बोटाने करून दाखवलं.

चूक पकडली ती खगडियाच्या नवलेशने. पोरगा असा, की घरमालक म्हणाला पाणी जपून वापरा, तर हा म्हणे, मालक, यात नळाला पाणी येतं असं गृहीत धरलंय. भर वर्गात त्याने त्या ग-वर बोट ठेवलं. सरांनी पाठ थोपटली, पुढच्या आवृत्तीत सुधारतो म्हणाले. त्यानंतर सात आवृत्त्या निघाल्या. दर खेपेला मी आठवण करून दिली, आणि दर खेपेला सर म्हणाले, सुधारलं की चूक होती हे कबूल केल्यासारखं होतं, टाईपबाबू, राहू दे.

मग नवलेशच्या शेवटच्या परीक्षेत, त्याची वयोमर्यादा संपायच्या वर्षी, तोच प्रश्न आला. कानामात्रेचाही फरक नाही. गाईड पाठ केलेल्यांनी ग लिहिला, नवलेशने क. निकालासोबत आयोगाची उत्तरतालिका लागली. तिच्यात ग होता, आणि नवलेश एका गुणाने राहिला होता.

हरकत घ्यायला आठवडा होता, पण सोबत पुस्तकाचा पुरावा हवा, आणि बाजारातल्या प्रत्येक पुस्तकात ग. तो सरांकडे आला तेव्हा मी नव्या आवृत्तीची पानं घेऊन तिथेच बसलो होतो. त्याचं मागणं एका ओळीचं: गाईडात छपाईची चूक आहे, एवढं लिहून सही करा.

सरांनी चहा मागवून त्याच्यापुढे सरकवला.

“तुझं उत्तर बरोबरच आहे रे,” ते म्हणाले. “पण ग लिहून माझी चारशे पोरं नोकरीला लागलीत. फोटो चढलेत फलकावर. ते उतरवू का तुझ्यासाठी?”

नवलेश माझ्याकडे वळला. “चाचा, सरांच्या हातचा मूळ कागद तुमच्याकडे असेल ना?”

कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत होता. त्यावरचा क एवढा ठसठशीत, की आंधळ्यालाही बोटाने वाचता यावा. सर माझ्याकडे बघत होते. माझं टायपिंगचं दुकान त्यांच्या गाईडावर चालतं.

“उंदरांनी खाल्ला,” मी म्हणालो.

नवलेश उठला. चहाला त्याने हात लावला नव्हता.

“बरं चाचा. तुमच्या दुकानात उंदीर आहेत, असं गृहीत धरतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने खोली सोडली आणि खगडियाची गाडी धरली.

नव्या आवृत्तीत त्या प्रश्नाखाली सरांनी एक ओळ वाढवली: ‘आयोगानेही हेच उत्तर मान्य केले आहे.’ ती मीच टाईप केली, आणि तिच्या शेजारी उत्तर: ग. क आणि ग अजूनही शेजारीच होते. या खेपेला बोट जराही घसरलं नाही.