सर्वांत जड बादली

सोसायटीत शहाणपणाला पूर आला की तो आधी नोटीस बोर्डावर चढतो. या वेळी बोर्डावर लागलं: उरलेलं अन्न कचऱ्यात टाकू नका, मागच्या खड्ड्यात आणून द्या, खत करू. इथवर ठीक होतं. पण सेक्रेटरीबाईंना नुसतं ठीक कधी पुरलंय? त्यांनी खाली जोडलं: दर रविवारी प्रत्येक घराच्या बादलीचं वजन होईल, आणि महिन्यात सर्वांत जास्त ओला कचरा देणाऱ्या तीन घरांना मागच्या अंगणातला एकेक वाफा वर्षभर मिळेल.

अन्न वाया जाऊ नये म्हणून योजना, आणि बक्षीस जो जास्त वाया घालवेल त्याला! तिसऱ्या मजल्यावरच्या आचाऱ्याने ते वाचून कपाळावर हात मारला. हॉस्टेलच्या भटारखान्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. दुसऱ्यांनी पिकवलेलं चिरता चिरता एकच हौस उरली होती, की स्वतः पेरलेला मुळा एकदा तरी स्वतःच्या हाताने उपटावा. त्याला तो वाफा हवाच होता.

पण त्याच्या घरात कचरा निघायचा कुठून? सालींचं सार व्हायचं, देठं भाजीत जायची, शिळ्या पावाचा चुरा डब्यात जायचा. पहिल्या रविवारी त्याच्या बादलीत चहाचा चोथा आणि अंड्यांची चार टरफलं होती. काट्याने हलायचीही तसदी घेतली नाही.

"काका, तुमचा काही सहभागच नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत त्याच्या घरापुढे शून्य मांडलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्याच्या मागे दातांची डॉक्टरीण उभी होती. तिच्या बादलीत दोन आख्खे पाव, न चिरलेला कोबी आणि दह्याचा न उघडलेला डबा. तिला टाळ्या पडल्या.

"आम्हाला पहिल्यापासूनच पर्यावरणाची आवड," ती लाजून म्हणाली. आवड कसली डोंबलाची, फ्रिजमध्ये डोकावायचा कंटाळा!

महिना संपत आला तेव्हा पहिले दोन वाफे गेल्यात जमा होते. तिसऱ्याला नऊ किलो पुरणार होते. आचाऱ्याच्या खात्यावर जेमतेम दोन.

शेवटच्या रविवारी सकाळी त्याने मोठं पातेलं काढलं. तांदूळ, डाळ, बटाटे, घरात होती नव्हती ती सगळी भाजी त्यात गेली.

"अहो, जेवायला कोण येणार आहे?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही. वाफ्यासाठी आहे."

ती नुसती बघत राहिली. ते बघणं त्याला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. पातेलं उतरवण्याआधी त्याने सवयीने चव घेतली. मीठ कमी होतं. त्याने चिमूटभर घातलं, पुन्हा चाखलं, आणि मग आपण हे कोणासाठी नीट करतोय हे लक्षात येऊन त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने पातेलं उचललंच.

खाली खड्ड्याशी झाडूवाली दाताळं घेऊन उभी होती. खत खालीवर करायचं काम तिच्याकडे होतं.

"काका, गरम आहे की हो हे! माझ्या डब्यात एक वाटी घाला ना," ती हळूच म्हणाली.

आचाऱ्याने तिच्या डब्याकडे पाहिलं, मग काट्याकडे.

"आधी वजन होऊ दे," तो म्हणाला.

पातेल्याचा भार वजा करून सव्वासात किलो भरलं. म्हणजे पुरून पाव किलो उरत होतं. त्याने घाईने डाव हातात घेतला.

"अंहं! मोजलेलं सगळं खड्ड्यातच. नियम आहे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "ओता, काका. वाफा तुमचाच."

त्याने डाव खाली ठेवला आणि ओतलं.

झाडूवालीने डब्याचं झाकण लावलं आणि ती तो भात मातीत कालवायला लागली. ढिगातून वाफांचा लोट उठला.

"बघा, बघा! खत तापायला लागलं!" सेक्रेटरीबाई आनंदाने ओरडल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आचाऱ्यानेही वाजवल्या.