आरशावरचा भूतकाळ

मित्रांनो, केस कापायच्या दुकानातला एक जुना आरसा तुमच्याशी बोलतो आहे. काचेच्या कारखान्यात माझ्या पाठीवर चांदीसारखा लेप चढला. मग एका तरुण केशकर्तनकाराने मला गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणले आणि खुर्चीसमोर टांगले. सुरुवातीला माझे फार कौतुक व्हायचे. लोक दाढी झाल्यावरही उगाच दोन मिनिटे बसून राहत. पुढे माझ्या कडांना काळे डाग पडले आणि लोक म्हणू लागले, "आता हा बदला हो." मालक मात्र हसून मला पुसत.

मालकांची लेक लग्न होऊन इटलीला गेली. यंदा ती पाच वर्षांच्या मुलीला घेऊन महिनाभर माहेरी आली. नातीला इटालियन सोडून दुसरी भाषा येत नव्हती. मालकांनी एक पातळ पुस्तक आणून आधीच तयारी केली होती. 'हे काय आहे', 'मला भूक लागते', 'मांजर झोपते' एवढे त्यांना अगदी पक्के येत होते.

एके दिवशी लेक भाजी आणायला गेली होती. आजोबांनी नातीला गोष्ट सांगायचे ठरवले. लेक सात वर्षांची असताना दुकानामागच्या हौदात पडली होती, ती गोष्ट. पण पुस्तकात भूतकाळ नव्हता! ते म्हणाले, "माम्मा कादे नेल्लाक्वा." म्हणजे, आई पाण्यात पडते.

पोर किंचाळत हौदाकडे धावली. सगळी गल्ली गोळा झाली. तेवढ्यात लेक पिशवी घेऊन परतली, तेव्हा कुठे पोरीचे रडणे थांबले. त्यानंतर आजोबांनी पुस्तक उघडले, की नात दोन्ही कानांत बोटे घाले. मालकांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

बुधवारी नेहमीचे म्हातारे गिऱ्हाईक आले. ते पूर्वी जहाजावर आचारी होते आणि इटलीच्या बंदरात बारा वर्षे राहिलेले. मालक त्यांना मामा म्हणत. सगळे ऐकून मामा गालाला फेस असतानाच खदखदा हसले.

"अहो, पडते नाही, पडली म्हणायचं! ए कादूता. बाई असेल तर शेवटी आ, पुरुष असेल तर ओ. कादूता, कादूतो."

"सगळ्याच शब्दांना असं?"

"छे! जाणं, येणं, पडणं यांना. ओ मांजातो म्हणजे मी खाल्लं. ते बाईनं म्हटलं तरी तसंच."

मालकांचा हात हवेतच थांबला. "अहो मामा, मग हे आपलंच की! तो पडला, ती पडली. पण त्यानं खाल्लं आणि तिनंही खाल्लंच!"

"बरोबर. पण आधी तो वस्तरा खाली ठेवा बघू."

मालकांनी बोटाने साबणाचा फेस घेतला आणि माझ्यावर लिहिले: कादूतो, कादूता. मग मामांनी तिसरा शब्द सांगितला, 'कादेवा', म्हणजे 'पडायची'. एकदा झालेले वेगळे, नेहमी होणारे वेगळे. गोष्टीला लागणारे बाकीचे शब्दही मामांनी शिकवले आणि दहा दिवस माझ्यावर फेसाची अक्षरे होती. गिऱ्हाईके हनुवटी वर करून ती मोठ्याने वाचत. दुकानात नुसती धमाल चालली होती.

एका दुपारी मालकांनी नातीला खुर्चीत बसवले. तिने लगेच कानांत बोटे घातली. ते हळूच म्हणाले, "चेरा उना वोल्ता..." एकदा काय झाले... एक बोट बाहेर आले. "माम्मा एरा पिक्कोला." आई लहान होती. दुसरेही बोट बाहेर आले. "माम्मा ए कादूतो..."

"कादूता, नोन्नो!" नात ओरडली. नोन्नो म्हणजे आजोबा. मग ती पुढे सरकून म्हणाली, "ए पोई?" मग पुढे?

मग पुढे अर्धी दाढी झालेले एक गिऱ्हाईक हौदाकडे कसे धावले आणि चिंब भिजलेल्या आईला कसे बाहेर काढले, ते सगळे आजोबांनी सांगितले. पोर पोट धरून हसत होती. त्या दिवशी ती गोष्ट चार वेळा झाली.

निघायच्या दिवशी नातीने आजोबांचा हात धरून विचारले, "वेर्राई?"

मालक गोंधळून लेकीकडे पाहू लागले. "बाबा, ती विचारतेय, तू आमच्याकडे येशील का?"

"अगं, भविष्यकाळ कुठे येतो मला?"

लेकीने फेसात बोट बुडवले आणि माझ्यावर एक शब्द लिहिला. मालकांनी तो अडखळत वाचला, "वेर्रो." मी येईन. नातीने त्यांच्या गळ्यात उडीच मारली. खुर्ची गर्रकन फिरली आणि क्षणभर मला तिघेही एकाच वेळी दिसले.

मित्रांनो, आरसा जरूर पुसा. माझ्यासारख्या डागाळलेल्या आरशालाही हळुवार हात आवडतो. फक्त त्यावर कोणी काही लिहिले असेल, तर फडके फिरवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. कोणीतरी कोणासाठी तरी ते शिकत असेल.