घोट्यापाशी ऐकलेलं

तुमच्या घोट्यापाशी कान लावून बसणारा मी डॉप्लर. दिसायला जाड पेनासारखा, मागे वायर, वायरीला छोटी डबी. कातडीवर थंडगार जेल लावून मला टेकवलं, की आत रक्त कसं वाहतंय ते मी ऐकतो आणि डबीतून मोठ्याने ऐकवतो.

कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केलं ते एका कामगार बाईने, स्वतःच्या मनगटावर. शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस? जिवंत आहे गं मी!" दोघी खळखळून हसल्या. मला वाटलं, माझा आवाज ऐकून माणसं हसतातच.

मग मी इस्पितळात आलो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांवर तिथे एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंनाही. पायात फरक पडतोय का, ते सांगायला मी होतो.

ड्रायव्हरकाका तिथेच भेटले. जन्मभर बस चालवली, आता थोडं चाललं तरी पोटरीत गोळे यायचे. जीभ मात्र जोरात. मला ऐकून सोबत आलेल्या काकूंना म्हणाले, "बघ, इंजिन घरघरतंय, पण बंद नाही पडलं!"

"आयुष्यभर धूर पाजलात त्याला, घरघरणारच," काकू म्हणाल्या.

सुरुवातीला त्यांच्या पायातला आवाज भरत गेला. काका कुठेही न टेकता फाटकापर्यंत जाऊन आले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

मग काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. पुढच्या तपासणीला बाईंनी मला उजव्या पायावर ठेवलं. सरकवलं. आणखी जेल घातलं. जिवाचा कान करून मी ऐकत होतो. नुसती खरखर.

"मशीन बिघडलं वाटतं," काका म्हणाले.

बाईंनी मला स्वतःच्या मनगटावर टेकवलं. मी लगेच बोललो. बिघाड माझ्यातच असता तर किती बरं झालं असतं!

काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अभ्यास संपून कोणाला कुठली गोळी होती ते बाईंना कळल्यावर दोघं भेटायला आले, काका चाकाच्या खुर्चीतून. डावा पायही थंड पडू लागला होता. काकू म्हणाल्या, "यांच्या वाट्याला खोटीच गोळी आली असणार. या पायाला तरी खरी द्या हो."

बाईंना मान वर करवेना. "काकू, त्यांना खरीच मिळत होती."

बाईंनी मला काकांच्या डाव्या पायाकडे नेलं, तसा त्यांनी पाय मागे घेतला. "माझं राहू द्या. हिच्या पायाला लावा."

"मला काय धाड भरलीय?" काकू पुटपुटल्या, पण त्यांनी चप्पल काढली.

किती भरभरून वाहत होतं ते रक्त! काका डोळे मिटून ऐकत राहिले. "चालेल ही," ते हळूच म्हणाले. "एकटी चालेल."

काकूंनी जेल न पुसताच पाय चपलेत सरकवला.

आता ते औषध बंद झालंय. माझे सेल काढून मला खणात ठेवलंय. एवढंच मागणं आहे, पुन्हा बाहेर काढाल तेव्हा हातात लागू पडणारं औषध असू द्या. नुसतं ऐकायला मला बोलावू नका.