सूर्य उगवेपर्यंतची तारीख

विद्याश्रीच्या नशिबात काही चांगलं यायचं असलं, तर ते नेमकं माणसं पेंगायला लागल्यावर यायचं. कोल्हापुरात खगोलशास्त्राचं अधिवेशन भरलं आणि तिला वेळ मिळाली ती श्रीखंड-पुरी पोटात गेल्यानंतरची. दहा मिनिटं, तीही इंग्रजीतून.

पण तक्रार कोण करतंय? पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी तिचा गोषवारा आधीच वाचला होता. “ही उडी खरी निघाली तर माझ्याकडे पीएच.डी.ला या. जागा एकच आहे,” असं ते सकाळी स्वतःहून म्हणाले होते. हातकणंगल्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला असं कुणी रोज म्हणत नाही. त्यात तिची वयोमर्यादा यंदा संपत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

उडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक दुसऱ्याला झाकतो आणि उजेड मंदावतो. तिच्या ताऱ्याच्या तीन फेऱ्यांना एक दिवस आणि वर पाव तास लागायचा, त्यामुळे मंदावण्याची वेळ आधीच सांगता यायची. पहिली दोन वर्षं तिने शाहूपुरीत भूपाल सरांच्या गच्चीवरून त्या वेळा टिपल्या. सर तिचे शाळेतले गणिताचे मास्तर, दुर्बीणही त्यांचीच. मग नोकरी लागली, ती हातकणंगल्याला गेली आणि पुढची सगळी निरीक्षणं सरांनी एकट्याने केली. पहाटेची, कारण तेव्हा दुकानांचे दिवे बंद असायचे. आणि तेव्हापासून तारा पाव तास उशिरा मंदावू लागला. एका ताऱ्यातला वायू दुसऱ्यात ओतला जात असणार, असं तिने लिहिलं.

माणूस बदलला तेव्हाच तारा कसा बदलला, ही शंका तिला आली नव्हती असं नाही. पण सरांचं घड्याळ रेडिओवर लावलेलं असायचं. मिनिटाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हते. तिने मिनिटं पुन्हा पुन्हा तपासली, आणि तिथेच ती फसली.

जेवणाची सुट्टी संपत आली तसे सर व्हरांड्यात आले. अंगात कोट, मागे त्यांच्या पत्नी प्रभावतीकाकू, शेजारचे आकाराम आणि बायडाबाई. गल्लीत बातमी फिरवून झाली होती.

“आज पहाटंबी बघितला की तारा,” सर म्हणाले. “ढगातनं गावला. अकरा तारखेला घाल.”

“आज बारा आहे, सर.”

“आता बारा. तवा अकराच. दिस कुठं उगवला हुता?”

ती हसली. “सर, मध्यरात्रीनंतर तारीख बदलते.”

“ती रेल्वेची. आमच्या जैनांच्या घरात सूर्य उगवल्याबिगर पाणी तोंडात घालत न्हाईत, तिथी उगवतीची धरत्यात, आणि तारीख मध्यरात्री कशी बदलंल?”

“म्हणजे पहाटेची सगळी निरीक्षणं...?”

“सगळी. एका रातीला एकच तारीख. त्यात काय इचारायचं?”

विद्याश्रीने मनातल्या मनात हिशोब मांडला. तारीख एक दिवस मागे आणि तीन फेऱ्या म्हणजे एक दिवस पाव तास. उरला पाव तास. उडी नव्हतीच. वायू नव्हता, काही नव्हतं. आणि राग तरी कुणावर काढणार? रात्र मधोमध तुटू नये म्हणून जुने खगोलशास्त्रज्ञसुद्धा दिवस दुपारी बदलत. सरांनी सांगितलं नव्हतं, हिने विचारलं नव्हतं.

ती रिकाम्या वर्गात शिरली. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं तरी काही सुचेना. गप्प बसावं? आज कुणालाच कळणार नव्हतं. पुण्याची जागा मिळेल, पुढचं पुढे. पण पुण्यात दुसऱ्या कुणाच्या वेळा शेजारी ठेवल्या की ती उघडी पडणारच, आणि सरही. तिला रडू फुटलं. मग तिने पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक कागदांतला पहिला काढला. त्यावर शाईने दोन नावं होती. रुमालाला थुंकी लावून तिने सरांचं नाव पुसलं. गल्ली घेऊन आलेल्या म्हाताऱ्याची पडद्यावर शोभा नको.

दहा मिनिटं कशी गेली ते तिला कळलं नाही. शेवटच्या आलेखावर ती थांबली आणि म्हणाली, “ही उडी खरी नाही. पहाटेच्या निरीक्षणांना मी एक दिवस मागची तारीख घातली. चूक माझी आहे.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. जागेचं नावही काढलं नाही. सभागृहात फक्त तिसऱ्या रांगेतून टाळ्या आल्या. काकू, आकाराम आणि बायडाबाई हात दुखेपर्यंत वाजवत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

बाहेर काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. “झ्याक बोललीस गं! फकस्त ह्यांचं नाव आलं न्हाई कुठं.”

सरांनी सगळ्यांना पुढे पाठवलं. त्यांना इंग्रजी येत होतं.

“सर, जागा गेली,” ती म्हणाली.

“कळलं. माझ्यामुळं गेली. त्येला काय करू मी, सांग.” त्यांनी कोटाची बटणं सोडली. “पर तारखा तू घातल्यास म्हणालीस. तू कुठं घातल्यास? तू हातकणंगल्यात झोपलीवतीस. थंडीत गच्चीवर मी हुतो.”

“तुम्हाला कुणी हसू नये म्हणून...”

“हसू दे की! पावणं हसली तर हसली. चूक माझी हुती, विद्या. आता त्यात माझं म्हणून तेवढंच उरलंवतं. ती बी घेतलीस?”

ती धावतच सभागृहात शिरली. आत अंधार होता, पुढचा वक्ता बोलत होता. ती मधल्या वाटेत उभी राहून मोठ्याने म्हणाली, “एक दुरुस्ती आहे. ती निरीक्षणं माझी नाहीत, भूपाल...”

“मॅडम,” अध्यक्ष हळूच म्हणाले, “तुमची वेळ संपली.”